जुन्या दूरदर्शनच्या कार्यक्रमांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. गावच्या वाचनालयासाठी 'आपल्या गावात टीव्ही आला' यावर टिपण लिहितोय. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी रंग आला, एवढं पुस्तकी माझ्याकडे आहे. अडतंय ते आपल्याकडचं.

आमच्या ग्रामपंचायतीचा टीव्ही लाकडी पेटीत कुलूपबंद असे. कवेलूवर चढून अँटिना फिरवणारा एक, खालून "दिसते का बे?" विचारणारे पन्नास! लघुशक्ती प्रक्षेपकाचा (टीव्हीचे कार्यक्रम पसरवणाऱ्या छोट्या टॉवरचा) आवाका जेमतेम वीसेक किलोमीटरचा, त्यामुळे पडद्यावर मुंग्याच जास्त.

नागपूर केंद्राचे शेतीचे, लोककलेचे कार्यक्रम कोणाला आठवतात का? कोणत्या वारी, किती वाजता? पऱ्हाटीवरच्या (कपाशीवरच्या) बोंडअळीची माहिती आमचा बुढा त्यातूनच ऐकायचा म्हणतो, पण त्याला वार आठवत नाही आणि तारखेवरून आईशी भांडण होते. कोणाकडे १९९४ च्या आधीची व्हीएचएस कॅसेट किंवा कार्यक्रमपत्रिका छापलेलं वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर फोटो टाका. यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्यांनी तर नक्कीच सांगा, तुमच्याकडे अँटिना कोणत्या दिशेला लावत होते?