फुल फ्रेमवर जाताना बाबांच्या जुन्या लेन्स चालतील का?

लोणंदकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे आठ वर्षांपासून निकॉन डी७२०० आहे, म्हणजे छोट्या (डीएक्स) सेन्सरचा. आता ओळखीतला एक वापरलेला डी७५० मिळतोय, तो मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम. बॉडीला पैसे गेले की यंदा नवी लेन्स घेणं जमणार नाही, म्हणून आधीच विचारतो.

लेन्स चार. डीएक्स १८-१४० आणि डीएक्स ३५ एफ/१.८जी या माझ्या. एएफ ५० एफ/१.८डी आणि एएफ ८०-२०० एफ/२.८डी या बाबांच्या, रोलच्या जमान्यातल्या. याच ५० वर त्यांनी लग्नं काढली. माझ्या कॅमेऱ्यावर मात्र ती जवळपास ७५ सारखी वागते. परवा बारशाला पाठ भिंतीला टेकली तरी पाळणा आणि दोन्ही आत्या एका फ्रेममध्ये मावेनात.

दुसरं कारण वारीचं. माउलींची पालखी लोणंदला असते तेव्हा पहाटेच्या काकड्याला उजेड नसतोच. आयएसओ ३२०० च्या वर गेलं की चेहऱ्यांवर दाणे येतात. एका दुकानात सांगितलं, बाबांच्या लेन्स आता भंगारात काढा. मन मानत नाही.

पठारावरचा:
भंगारात मुळीच काढू नका. त्या दोन्ही लेन्स मुळात ३५ एमएम फिल्मसाठीच बनल्यात आणि फुल फ्रेमचा सेन्सर त्याच मापाचा, साधारण ३६ बाय २४ मिमी. डी७२०० त्यांचा फक्त मधला तुकडा वापरत होता. या लेन्समध्ये मोटर नसते, फोकस बॉडीतल्या स्क्रूने फिरतो. तो स्क्रू डी७५० मध्ये आहे.

मात्र आता कडाही दिसतील. ५० उघडी, म्हणजे १.८ ला ठेवली तर कोपरे मऊ आणि जरा काळसर येतात. एफ/४ ला छान सुधारतात.

अडचण १८-१४० ची. ती लावली की कॅमेरा आपोआप डीएक्स क्रॉपवर जातो, म्हणजे सेन्सरचा मधला भागच वापरतो, आणि २४ मेगापिक्सेलचे १० उरतात. क्रॉप बंद केला तर १८ ला चित्र काळ्या वर्तुळात अडकतं. ३५ मात्र लगेच विकू नका. ऑटो क्रॉप बंद करून पांढऱ्या भिंतीचे फोटो काढून बघा. माझ्याकडे तिचे फक्त कोपरे काळे येतात, माणसांच्या फोटोंना चालून जाते.

गल्लीबोळ:
२०१४ चा डीएसएलआर आता कशाला? निकॉनचा मिररलेस झेड५ बघा. जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावला की सगळ्या जुन्या लेन्स चालतात.

पठारावरचा:
बसतात, पण दादा, एफटीझेडमध्ये फोकसची मोटर नाही. लोणंदकरांच्या बाबांच्या दोन्ही लेन्स त्यावर हातानेच फोकस कराव्या लागतील. धावत्या अश्वावर ८०-२०० हाताने फोकस करणं माझ्या तरी आवाक्याबाहेरचं आहे.

कोकणकडा:
कॅननवाल्यांसाठी एक टीप. आपल्याकडे ईएफ-एस, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची लेन्स, ६डी किंवा ५डी या फुल फ्रेमवर बसतच नाही. लेन्सवर पांढरा चौकोन असेल तर ती क्रॉपची, लाल ठिपका असेल तर दोन्हीकडे चालते. घेण्याआधी तेवढं बघा.

लोणंदकर:
सगळ्यांचे आभार. रविवारी चारही लेन्स घेऊन डी७५० बघायला गेलो होतो. ५० लावली तर स्क्रीनवर एफईई अशी चूक, शटर दबेना. पोटात गोळाच आला. मग बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग २२ वर आणून लॉक कर." बाजूची छोटी खिट्टी सरकवली आणि कॅमेरा चालू झाला. डी७२०० वर ती रिंग कायम लॉक असायची, यावेळी पिशवीत सरकली असणार.

भिंतीचे फोटोही काढले. ३५ चं पठारावरच्यांनी सांगितलं तसंच आहे, ठेवणार. ८०-२०० खर्रखर्र करत फोकस होते, पण अचूक. तिचा पल्ला मात्र आता कमी वाटतो. चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणाला मी लांबूनच काढतो, गर्दीत पुढे घुसणं मला पटत नाही. तिथे डीएक्स क्रॉप लावेन. ३९३६ बाय २६२४ पिक्सेल उरतात, तेवढ्यात १२ बाय ८ इंचाचा प्रिंट नीट निघतो.

कॅमेरा घेतला. घरी येऊन बाबांच्या हातात दिला, ५० लावूनच. त्यांनी डोळा लावला, आईला दारात उभं राहायला सांगितलं आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिले. मग म्हणाले, "आता बरोबर अंतरावर दिसतेय."

१८-१४० विकायची आहे. काच स्वच्छ, ६७ मिमीचा फिल्टर सोबत देईन. सातारा-फलटणकडे कुणाला हवी असेल तर निरोप टाका.