वसतिगृह सांभाळणाऱ्यांचा गौरव कोणत्या निकषांवर करावा?

रेक्टर, सातारा

नमस्कार. साताऱ्यातील एका महाविद्यालयात मी शिकवतो आणि गेली सहा वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर म्हणूनही काम पाहतो. आमच्या पारितोषिक वितरणात आदर्श शिक्षक, उत्तम खेळाडू, उत्कृष्ट स्वयंसेवक अशा सर्वांची नावे पुकारली जातात. परंतु रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या मुलाला रिक्षात घालून सिव्हिलला नेणारे वॉर्डन किंवा परीक्षेच्या दिवसांत पहाटे साडेचारला चूल पेटवणाऱ्या मेसच्या मावशी यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत आजवर आलेले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली ज्या गावात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह उभे केले, त्या गावात ही उणीव मला फार टोचते.

यंदा प्राचार्यांनी माझ्याकडे लेखी प्रस्ताव मागितला आहे. अन्यत्र असे पुरस्कार कसे दिले जातात आणि निवड कशी होते, हे जाणकारांनी सांगावे. ‘ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही तो उत्तम’ एवढाच निकष राहिला, तर सर्वांत कडक माणसालाच पुरस्कार मिळेल, अशी मला भीती वाटते.

निवृत्त अधीक्षक, सांगली

सर, प्रस्ताव लिहिण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगप्रतिबंधक विनियम काढून वाचावेत. वसतिगृहाला पूर्णवेळ वॉर्डन असावा, त्याने वसतिगृहात किंवा अगदी जवळ राहावे आणि त्याच्याकडे शिस्त राखण्याबरोबर मुलांशी बोलण्याचे व समुपदेशनाचेही कौशल्य असावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आपल्याला ज्या निकषाची चिंता वाटते, त्याचे उत्तर तिथेच आहे: निम्मे गुण शिस्तीला दिले, तर उरलेले निम्मे संवादाला द्यावे लागतील. शिवाय रॅगिंगची घटना कळवणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रशस्तिपत्र देण्याची तरतूद सेवानियमांत करावी आणि ते त्यांच्या सेवानोंदीत जावे, असेही हे विनियम सांगतात. शाल आणि श्रीफळ घरी जाते. सेवापुस्तकातली नोंद मात्र माणसाबरोबर निवृत्तीपर्यंत राहते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या वसतिगृहाच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा आमच्या पहारेकऱ्याने मुलांच्या मूळ गुणपत्रिका आणि दाखल्यांची कपाटे रात्रीतून वरच्या मजल्यावर हलवली. नंतर त्याचा सत्कार झाला आणि तो योग्यच होता. परंतु त्याआधीची चौदा वर्षे कोणता मुलगा जेवणाला आला नाही, कोणाच्या खोलीचा दिवा सलग तीन रात्री विझला नाही, हे तो मला रोज सकाळी येऊन सांगत असे, आणि त्यामुळे कितीतरी प्रसंग घडण्यापूर्वीच टळले. त्या कामाची कोणीही दखल घेतली नाही. निवड समितीने एखाद्या शौर्याच्या प्रसंगापेक्षा असे वर्षानुवर्षांचे लक्ष आधी पाहावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

विट्याचा, सध्या अमेरिकेत

मी येथील एका विद्यापीठाच्या निवास विभागात नोकरी करतो. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. विद्यापीठांतील निवास अधिकाऱ्यांची पहिली परिषद १९४९ साली इलिनॉय विद्यापीठात भरली आणि तिच्यातून ‘अकुहो-आय’ ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. व्यवसायातील प्रदीर्घ योगदानासाठी ती एस. अर्ल थॉम्प्सन यांच्या नावाचा सन्मान देते. ‘नास्पा’ ही विद्यार्थी-कल्याण क्षेत्रातील जुनी संघटना आपल्या रयत शिक्षण संस्थेप्रमाणेच १९१९ ची. तिच्या पुरस्कारांतही निवास विभागाच्या कामाला जागा आहे.

मला मात्र वसतिगृहवासी विद्यार्थ्यांच्या ‘नाकर’ या संघटनेची रीत आपल्याकडे आणण्याजोगी वाटते. तिच्यात दर महिन्याला गौरव होतो, आणि शिफारस विद्यार्थी स्वतः, ठरावीक शब्दमर्यादेत, त्या महिन्यात प्रत्यक्ष काय घडले हे लिहून करतात. वर्षअखेरीस आठवून लिहिलेल्या शिफारशीत ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’ अशी विशेषणेच उरतात. महिन्याच्या महिन्याला लिहिले, तर तारीख आणि काम दोन्ही कागदावर येतात.

गृहपाल, मुलींचे वसतिगृह, कराड

वरील सूचना मला मान्य आहेत, तरीही एक अडचण मांडते. आमचे सर्वांत मोलाचे काम असे असते, की ते कोणाला सांगता येत नाही. घरी परस्पर लग्न ठरल्यामुळे शिक्षण सोडायला निघालेल्या एका मुलीच्या वडिलांशी आमच्या मदतनीस ताईंनी तीन रविवार बसून बोलणी केली. ती मुलगी पदवीधर झाली. हे शिफारशीत लिहिले आणि व्यासपीठावरून वाचले गेले, तर त्या मुलीची ओळख पटायला आमच्या भागात वेळ लागणार नाही. म्हणून शिफारशीत विद्यार्थ्याचे नाव, गाव, वर्ग काहीही नसावे, तपशील फक्त समितीने पाहावा आणि समारंभात केवळ मानपत्र वाचावे, असा नियम प्रस्तावातच घालावा.

दुसरे असे, की वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडणाऱ्या, कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांचे उदाहरण अशा समारंभांत नेहमी दिले जाते. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. परंतु त्यांच्या त्यागाकडे बोट दाखवून आजच्या कर्मचाऱ्याची साप्ताहिक सुट्टी किंवा रात्रपाळीचा मोबदला नाकारला जात असेल, तर त्या पुरस्काराचा स्वीकार करणे जड जाते. प्रस्तावात पुरस्कारासोबत बदली कर्मचाऱ्याची तरतूदही मागा, सर.

रेक्टर, सातारा

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. मासिक शिफारस, नावाविना तपशील आणि सेवापुस्तकात नोंद या तिन्ही गोष्टी मी मसुद्यात घेतल्या आहेत. बदली कर्मचाऱ्याची मागणी पहिल्याच पानावर घातली आहे. एक शंका उरते: आमच्या मेसच्या मावशी ठेकेदाराकडे आहेत, त्यांचे सेवापुस्तक महाविद्यालयाकडे नाही. त्यांच्या बाबतीत काय करावे?

निवृत्त अधीक्षक, सांगली

त्यांना प्राचार्यांच्या सहीचे, जावक क्रमांक आणि तारीख घातलेले प्रशस्तिपत्र द्यावे आणि त्याची प्रत महाविद्यालयाच्या दप्तरी ठेवावी. ठेकेदार बदलला, तरी नव्या ठेकेदारापुढे ठेवायला त्यांच्या हाती तो कागद असेल.