भीती वाटतेय की प्रभू थांबवतोय, कसं ओळखायचं?

नायगावची_पोरगी:
सगळ्यांना सलाम. विचारू की नको असं बरेच दिवस चाललंय, आज विचारूनच टाकते. आमच्या घरात एक साक्ष आहे, मी लहानपणापासून ऐकत आलेय. ११ जुलै २००६ ला पप्पा चर्चगेटला फर्स्ट क्लासमध्ये चढले, बसायला जागापण मिळाली, आणि एकदम आतून वाटलं उतर. ते उतरले, बाहेर जाऊन चहा घेतला आणि त्या संध्याकाळी वेस्टर्नच्या सात गाड्यांत बॉम्ब फुटले. पप्पा दर जुलैत मंडळीत उभे राहून सांगतात की प्रभूने मला हाताला धरून खाली उतरवलं. मला ते खरंच वाटतं. पण माझं असं झालंय की पोटात जरा कालवलं की वाटतं हा प्रभूच बोलतोय. कितीतरी वेळा समोरची गाडी सोडलीय आणि मग दिवसभर मोबाईलवर बातम्या बघत बसलेय, कधीच काही झालेलं नसतं.

आता खरा प्रश्न. आमच्या मंडळीचा ग्रुप शनिवारी सकाळी परळला टाटा हॉस्पिटलबाहेर जातो, गावाहून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं तिथे फुटपाथवर राहतात ना, त्यांना नाश्ता द्यायला. मला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी सांगितलं की प्रार्थना केली पण शांती मिळत नाहीये, प्रभूची इच्छा दिसत नाही. पाळकबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. तेव्हापासून झोप लागत नाही. मी प्रभूचं नाव पुढे करून पळाले का?

तीमथ्य_ठाणे:
ताई बायबलमधलं २ तीमथ्य १:७ वाचा. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेलाच नाही. भीती म्हणजे सरळ सैतानाचं काम. तीन दिवस उपवास प्रार्थना करा आणि धमकावून घालवा.

भायखळ्याचे_काका:
तीमथ्य भाऊ, वचन बरोबर आहे पण ते कोणाला लिहिलंय ते बघा. ज्याला ते पत्र लिहिलं तो बायबलमधला तीमथ्य स्वतःच बुजरा पोरगा होता, आणि पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्याला झापत नाहीये, त्याच्या आजीची आणि आईची आठवण काढून सांगतोय की तुझ्यात जे कृपादान आहे ते पेटव. घाबरलेल्या माणसाला हे वचन फेकून मारलं की तो आधी घाबरलेला असतो तो आता घाबरल्याबद्दलही घाबरतो. मी मंडळीत हे खूप पाहिलंय आणि मला त्याचा त्रास होतो.

बाळा, तुझ्या पप्पांची साक्ष त्यांची आहे, तिच्याबद्दल देवाचे आभार. पण त्या गाड्यांत सकाळी प्रार्थना करून निघालेली माणसंही असणारच की. त्यांना आतून कोणी सांगितलं नाही म्हणजे प्रभू त्यांच्याजवळ नव्हता का? मी असं कधीच म्हणणार नाही. एखाद्या दिवशी देवाने वाचवलं त्याचे आभार मानायचे, त्याचा रोजचा सिग्नल करायचा नाही.

प्रभू थांबवत नाही असं नाही हं. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाला आत्म्याने आशिया प्रांतात वचन सांगू दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही. पण मग त्रोवसला रात्री दृष्टांत झाला, मासेदोनियाचा माणूस उभा राहून म्हणतोय इकडे ये, आम्हाला मदत कर. म्हणजे थांबवलं ते कुठेतरी पाठवायला. तुला परळ नको म्हटल्यावर दुसरीकडे कुठे जा असं काही आलं का? की नुसतं घरी बस? आणि शांती नाही म्हणून देवाची इच्छा नाही हे तर मला कधी पटलंच नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानेत प्रभूला कुठे शांती होती, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता आणि वाट तीच होती.

नर्सताई:
मी एक साधी गोष्ट विचारते. परळचं नाव काढलं की नक्की काय होतं तुला? प्रभू, सैतान सगळं बाजूला ठेव, अंगात काय होतं ते सांग.

नायगावची_पोरगी:
हात गार पडतात. आणि ती हिरवी फाईल दिसते. आई २०१९ ला कॅन्सरने गेली, सात महिने मीच तिला घेऊन जायची, फाईल पोटाशी धरून लाईनीत उभी राहायची, तिच्या कडेला माझ्या बोटांच्या घामाचे डाग पडले होते. अजून कपाटात आहे. हे लिहिताना पहिल्यांदाच लक्षात येतंय की मी पाळकबाईंना यातलं काहीच सांगितलं नाही.

नर्सताई:
मग हा तुला थांबवणारा प्रभू नाही आणि सैतानपण नाही गं, हे दुःख आहे. एलीया संदेष्टा ईजबेल राणीला घाबरून रानात पळाला, झाडाखाली पडून मरण मागितलं, तर देवाने आधी त्याला झोपू दिलं, दूताकडून भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा. होरेब डोंगरावरचा वारा, भूकंप, अग्नी आणि देवाची ती मंद वाणी नंतर. तू उपवास करू नकोस, जेव.

आणि गाड्या सोडणं, बातम्या बघत बसणं, झोप नसणं हे मात्र डॉक्टरला सांग. त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना आणि गोळी एकाच दिवशी चालते, मी रोज वॉर्डात बघते.

वसईचा_आंतोन:
मी कॅथलिक, चालेल ना. आमच्याकडे रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, फादर जेझुइट संघ सुरू करणाऱ्या संत इग्नेशियसबद्दल सांगतात. १५२२ ला स्पेनमधल्या मान्रेसा गावात त्याला असंच धरलं होतं, जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा तरी वाटायचं काहीतरी राहिलंच, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गेला. त्यातून बाहेर आल्यावर त्याने जे नियम लिहिले त्यातला एक मला फार उपयोगी पडलाय, मन अंधारात असताना आधी केलेला निर्णय बदलायचा नाही. दुसरं म्हणजे जो माणूस देवाकडेच चाललाय त्याच्यात चांगला आत्मा स्पंजात पाण्याचा थेंब जिरावा तसा येतो, वाईट आत्मा दगडावर आपटल्यासारखा आवाज करत येतो. माझा अनुभवपण तोच आहे, भीती घाई करते, आत्ताच्या आत्ता ठरव म्हणते. पण एकटीने ओळखायला जाऊ नकोस, कोणाला तरी सोबत घे.

नायगावची_पोरगी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा तो प्रश्न, दुसरीकडे कुठे पाठवलं का. नाही पाठवलं. नुसतं घरी बस एवढंच येत होतं, आणि तेपण ओरडून. काल पाळकबाईंना फोन करून आईचं सांगितलं, त्या रडल्या आणि मीपण. म्हणाल्या हॉस्पिटलच्या गेटपर्यंत यायचं नाहीस, आमच्या घरी बसून पहाटे माझ्याबरोबर उपमा कर, एवढंच. हे ऐकलं तेव्हा हात गार नाही पडले. १४४१६ लापण फोन केला, सोमवारी परत बोलायचंय.

पप्पांना अजून सांगितलं नाहीये, ते कसं सांगू कळत नाही.

भायखळ्याचे_काका:
पप्पांना आधी विचार, उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीत चढलात कसे. ही साक्ष त्यांनी कधी दिली नसेल.

नायगावची_पोरगी:
खरंच नाही दिली काका. आज जेवताना विचारते.