उंदरांच्या फुफ्फुसांवरून चिनी काढ्याची पारख कशी करावी?

शरयूकाठ: नमस्कार. इन्फ्लुएन्झामुळे उंदरांच्या फुफ्फुसांना होणारी इजा पारंपरिक चिनी औषधांनी कमी होते, असे मांडणारे शोधनिबंध मी सध्या वाचते आहे. हान राजवटीच्या अखेरीस चांग चुंगचिंग या वैद्याने सांगितलेला ‘माशिंग शिगान’ काढा त्यांत वारंवार भेटतो. एफेड्रा ही वनस्पती, जर्दाळूच्या कडू बिया, जिप्सम आणि ज्येष्ठमध एवढेच त्याचे घटक. ‘फुफ्फुस निर्देशांक (शरीराच्या वजनाच्या तुलनेत फुफ्फुसाचे वजन) घटला’ हा निष्कर्ष बहुतेक निबंधांत असतो. पण औषधाने विषाणूला आवरले की केवळ दाह शमवला, हे कशावरून ओळखावे?

सूक्ष्मदर्शी: प्रश्न अगदी नेमका आहे. मी याच प्रकारच्या प्रयोगशाळेत काम करतो. निरोगी उंदराचे फुफ्फुस फिकट गुलाबी आणि स्पंजासारखे हलके असते. नाकावाटे विषाणू दिल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पाहिले, तर त्यावर काळपट लाल चट्टे असतात आणि ते हाताला जड लागते. मात्र तोवर विषाणूंची संख्या बहुधा शिखर गाठून उतरणीला लागलेली असते, कारण पुढची बरीचशी इजा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे होते. म्हणून फुफ्फुसातले विषाणू कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवून मोजले आहेत का, हे आधी पाहावे. विषाणू तेवढेच राहिले आणि सूज उतरली, तर काढा दाहशामक ठरतो, विषाणूरोधक नव्हे. हेही थोडे नाही, पण दावा तेवढाच करावा.

निर्देशांकाबद्दल एक सावधगिरी. तो म्हणजे फुफ्फुसाच्या वजनाचे शरीराच्या वजनाशी असलेले प्रमाण. आजारी उंदीर खाणे सोडतो, झपाट्याने वाळतो, आणि फुफ्फुस जराही जड न होता निर्देशांक वाढतो. त्यामुळे फुफ्फुसात खरेच पाणी साचले का हे कळण्यासाठी ओल्या आणि वाळवलेल्या फुफ्फुसाच्या वजनांची तुलनाही दिलेली असावी.

औषधीशास्त्र_शिक्षिका: याला जोडून सांगते, की एफेड्रातील एफेड्रिन भूक मंदावते. वजनातील घट हाच आजाराचा मापदंड असलेल्या प्रयोगात ही बाब मोठी आहे, म्हणून संसर्ग न झालेल्या उंदरांनाही काढा देऊन पाहिलेला गट असायलाच हवा. मी विद्यार्थ्यांना निबंध वाचताना पहिल्यांदा औषध कधी सुरू केले ते शोधायला लावते. संसर्गाच्या आदल्या दिवशी दिलेला काढा आणि ताप चढल्यावर दवाखान्यात आलेल्या माणसाला दिलेला काढा यांची बरोबरी होत नाही. शिवाय अशा प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या बाल्ब-सी जातीच्या उंदरांत विषाणूला रोखणारे एमएक्स-१ जनुक निकामी असते, तेव्हा ते मुळातच माणसापेक्षा वेगळ्या पातळीवर लढत असतात.

सूक्ष्मदर्शी: माणसांवरचा पुरावाही पाहावा. २००९ च्या एच१एन१ साथीत चीनमधील ११ रुग्णालयांत ४१० रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात माशिंग शिगान आणि यिनछ्याओ सान हे दुसरे पारंपरिक चिनी औषध यांचा एकत्रित काढा होता. ताप उतरायला लागलेला मध्यक कालावधी औषध न घेणाऱ्यांत २६ तास, ओसेल्टामिव्हिर या विषाणूरोधक औषधावर २० आणि काढ्यावर १६ तास होता. मात्र रुग्ण सौम्य आजाराचे होते आणि तुलनेसाठी कोणालाही औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काही (प्लासिबो) दिलेले नव्हते. फुफ्फुसाच्या गंभीर इजेबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही.

शरयूकाठ: मनापासून आभार. माझ्याजवळच्या निबंधांतील तक्ते पुन्हा उघडले. पहिल्याच निबंधात काढा संसर्गाच्या २ दिवस आधीपासून दिलेला आहे आणि विषाणूंची मोजणी कुठेच नाही. आता उरलेलेही याच नजरेने वाचते.