चिपळूणला पहिलाच पावसाळा आहे, पुरासाठी घरात काय काय भरून ठेवू?

नवी_चिपळूणकर

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये ह्यांची बदली झाली आणि आम्ही चिपळूणला आलो. मूळचे आम्ही नगरकडचे, तिकडे पावसाची नुसती वाट बघायची सवय, पूर वगैरे कधी बघितलेलाच नाही. घर भाड्याचं आहे, बाजारपेठेपासून जवळ, पहिला मजला. जिन्यात भिंतीवर कोणीतरी ऑइलपेंटने रेघ ओढून ठेवलीय, शेजारच्या काकू म्हणाल्या २०२१ ला पाणी इथवर होतं, आणि ती रेघ आमच्या उंबऱ्याच्या जेमतेम चार पायऱ्या खाली आहे. तेव्हापासून डोक्यातून जातच नाही ते.

घरात आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. यूट्यूबवर बघितलं तर सगळे बाहेरच्या देशातले व्हिडिओ, त्यातलं निम्मं सामान इथे मिळणार नाही आणि मिळालं तरी आमच्याकडे कोण खाणार. ज्यांनी प्रत्यक्ष पूर काढलाय त्यांनी सांगा ना, पाणी किती साठवायचं, खायला काय ठेवायचं, इन्सुलिनचं काय करायचं लाईट गेली तर? आणि कागदपत्रं?

वाशिष्ठीकाठचा

ताई, बरं झालं आत्ताच विचारलंत, जुलैत विचारून उपयोग नसतो, तेव्हा बाजारात टॉर्चचे सेलसुद्धा मिळत नाहीत.

आधी आपल्याकडचा पूर कसा येतो ते समजून घ्या, कारण त्यावर सगळं ठरतं. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळला की ते पाणी काही तासांत खाली येतं, त्यात कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं अवजल वाशिष्ठीतच येतं, आणि नेमकी तेव्हा दाभोळ खाडीला भरती असेल तर नदीला पुढे जायला वाटच नाही, मग ते पाणी शहरात पसरतं. २२ जुलै २०२१ ला पहाटे लोक झोपेतून उठले तेव्हा पाणी दारात होतं. कराड-सांगलीला पाणी चढतंय चढतंय म्हणून दोन दिवस कळतं तरी, इथे तेवढा वेळ मिळेलच असं नाही. म्हणून माझं एकच सांगणं आहे, जे काही साठवाल ते १५ जूनच्या आत जमवा आणि पहिल्या दिवसापासून वरच ठेवा, माळ्यावर किंवा कपाटाच्या डोक्यावर. पाणी आल्यावर वर चढवू असं म्हणून काहीही खाली ठेवू नका. अंधारात, एका हातात पोर आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंना धरलेलं, कोण काय चढवणार?

पिण्याचं पाणी सगळ्यात महत्त्वाचं. पुरात चहूकडे पाणी असतं आणि प्यायला थेंब नसतो, नळ बंद होतात आणि बिल्डिंगच्या खालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलेलं असतं. माणशी रोज चार लिटर धरा पिणं आणि थोडा स्वयंपाक मिळून, चार माणसं तीन दिवस म्हणजे पन्नास लिटर. वीस-वीस लिटरचे जार घेऊ नका सगळे, ते हलवता येत नाहीत, पाच लिटरचे कॅन घ्या आणि पंधरा दिवसांनी पाणी बदला, जुनं झाडांना घाला. अतिवृष्टीचा इशारा आला की गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घ्यायची आणि टाकीतून खालच्या मजल्याला जाणारा व्हॉल्व्ह कुठे आहे ते आत्ताच प्लंबरकडून बघून ठेवा. खालच्या घरातले नळ तुटले तर वरची अख्खी टाकी रिकामी होते.

कागदपत्रांचं म्हणाल तर एक जाड प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी, आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलाचा जन्मदाखला, भाडेकरार, विम्याचे कागद, सगळं त्यात आणि ती पिशवी निघायच्या सॅकमध्येच कायम. डिजिलॉकरमध्ये पण टाका. लोक म्हणतात कागद गेले तर नवीन काढता येतात, येतात हो, पण पंचनाम्याच्या वेळी तुम्ही तिथे राहत होतात हे दाखवायला तेच लागतात. आपल्या चिपळूण एसटी आगाराचे व्यवस्थापक २०२१ च्या त्या पुरात एसटीच्या टपावर आगाराची रोकड छातीशी धरून कित्येक तास बसून होते, आजूबाजूला सगळं आगार बुडालेलं. आठवलं की अजूनही मान आदराने खाली जाते.

कृष्णाकाठ_सांगली

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. आमच्याकडं आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्या वर गेली होती आणि पाणी उतरायला दिवसच्या दिवस लागले. म्हणून मी म्हणतो तीन दिवसाचं सामान कमी पडतं, आठवड्याचं ठेवा. हायवे बंद पडला की दूध नाही, भाजी नाही, पेट्रोल नाही, हे २०१९ ला कोल्हापूरनं बघितलंय.

खायला न शिजवता खाता येईल असंच ठेवा. आमच्या घरी भडंग, चिवडा, शेंगदाणा-गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू आणि दूध पावडर असते. पोहे लई कामाचे, नुसते पाण्यात भिजवून गूळ घालून किंवा मीठ-तिखट लावून होतात. सातूचं पीठ पण तसंच, गार पाण्यात कालवलं की झालं. मॅगी ठेवा पोरासाठी पण त्याला गॅस आणि पाणी दोन्ही लागतं हे ध्यानात असू द्या. सगळं स्टीलच्या डब्यात ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बरण्यांत ठेवा, बुडलं तरी तरंगतं आणि आत पाणी शिरत नाही.

गॅसचं कुणी बोललं नाही. घर सोडताना रेग्युलेटर काढा, सिलेंडरला टोपी बसवा आणि दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून टाका. सिलेंडर पाण्यावर तरंगत जातात, दारं फोडतात. मेन स्विच बंद करायचा तो पाणी घरात यायच्या आधी, पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही. इन्व्हर्टर जमिनीवर असेल तर आजच उंच स्टँड करून घ्या.

आणि ताई, गावाकडं कुणी असतील तर त्यांना सांगा, जनावरांची दावी सोडायची. आमच्या भागात माणसं जनावरांपायी घर सोडत नाहीत, बोट आली तरी म्हणतात म्हैस घेता का. जीव अडकतो माणसाचा, कळतं मला, पण वैरण आणि जनावरं आधीच माळावर हलवली तर माणूस पण वेळेत निघतो.

आरोग्यसेविका

सासूबाईंच्या इन्सुलिनबद्दल लिहिते. न उघडलेली बाटली किंवा पेन फ्रिजमध्ये, पण चालू असलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, फार गरम जागा नको. लाईट गेली तर घाबरू नका, मातीचं छोटं मडकं घ्या, त्याच्याभोवती दुसऱ्या मोठ्या मडक्यात ओली वाळू भरा, औषध झिपच्या पिशवीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, वरून ओलं फडकं. खेड्यात अजून असंच ठेवतात. बर्फाला मात्र टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही. पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा घ्या, सिरिंज किंवा सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, आणि शुगर एकदम कमी झाली तर द्यायला साखर-ग्लुकोज हाताशी. पुरात जेवणाच्या वेळा चुकतात आणि डोस तोच चालू राहतो, मग म्हातारी माणसं गळून पडतात. डोस कसा बदलायचा ते तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या.

पिण्याचं पाणी संपलं आणि गढूळ पाण्यावर वेळ आली तर आधी तुरटी फिरवा, वरचं निवळलेलं पाणी चौपदरी फडक्यातून गाळा, मग चांगलं खळखळून उकळा. गॅस नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती संपली तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पूर ओसरल्यावर चिखल काढताना गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, त्या चिखलातून होतो, पायाला बारीक जखम असली तरी पुरतं. त्याच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून विचारूनच घ्या, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं म्हणून नको. आणि पॅड, मुलाचे डायपर लागत असतील तर तेही ठेवा. संडास तुंबतो किंवा उलटा येतो, त्यासाठी झाकणाची बादली, काळ्या पिशव्या आणि थोडी राख किंवा भुसा. लाजेपोटी हे कोणी यादीत लिहीत नाही आणि बायकांचे सगळ्यात हाल इथेच होतात.

हर्णैकर

आमचा अनुभव वादळाचा आहे, निसर्ग, ३ जून २०२०. पाणी घरात आलं नाही पण दापोली तालुक्यात कितीतरी गावांत लाईट आठवड्यांनी आली. टॉवर बंद म्हणजे फोन बंद, एटीएम बंद, यूपीआय बंद. दुकानात माल होता पण ज्याच्याकडे रोख त्यालाच मिळाला. म्हणून थोडी रोख ठेवा आणि ती दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, सुटे कोणाकडेच नसतात.

विहीर आहे म्हणून आम्ही निर्धास्त, पण गावात रहाट काढून सगळ्यांनी पंप बसवलेले, लाईट नाही म्हणजे पंप नाही, आणि पाणी शेंदायला घरात धड दोर नाही अशी कितीतरी घरं. दोर आणि कळशी अजूनही आमच्या पडवीत टांगलेली असते. तुम्हाला विहीर नसेल, तरी चांगला वीस मीटरचा नायलॉनचा दोर घ्याच, हजार कामं होतात. ताडपत्री पण आधीच घ्या, नंतर तिचे भाव विचारू नका. आणि सेलवर चालणारा छोटा रेडिओ, नेटवर्क नसलं की आकाशवाणीच.

फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. ११२ आहेच, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७. मोबाईल संपला की बायकोचा नंबरसुद्धा पाठ नसतो आपल्याला.

नवी_चिपळूणकर

सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंनी स्वतः वाचून दाखवायला लावलं आणि मडक्याचं ऐकून त्या खूश झाल्या, म्हणाल्या हे मला माहीत होतं. कॅन आणि गोळ्या ह्या आठवड्यात आणतो. एक राहिलं, घरातच थांबायचं की निघायचं हे कसं ठरवायचं? आमच्याकडे दुसरा मजला आहे आणि त्यावर गच्ची.

वाशिष्ठीकाठचा

वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७, हे आकडे फ्रिजवर लिहून ठेवा. तुमच्याकडे लहान मूल आणि इन्सुलिनवरचं माणूस आहे, तर माझ्या मते इशारा पातळी आली आणि वर घाटात पाऊस चालूच असेल तर भरतीची वेळ बघत बसू नका, उजेड असतानाच उंचावरच्या ओळखीच्या घरी जा, रात्र झाली की निघू नका. हे ओळखीचं घर आत्ताच ठरवून त्यांना विचारून ठेवा. सॅक तयार असेल तर दहा मिनिटांत निघता येतं. रस्त्यावर पाणी वाहायला लागलं असेल तर मात्र बाहेर पडू नका, वर गच्चीवर जा, पाणी आणि खाऊ घेऊन. गच्चीच्या कुलपाची चावी बऱ्याच बिल्डिंगमध्ये एकाकडेच असते, ती प्रत्येक मजल्यावर एक करून घ्या.

आणि तळमजल्यावर कोणी म्हातारी माणसं राहतात का ते बघा. असतील तर कुणाच्या घरी वर यायचं ते त्यांना आताच सांगून ठेवा, आणि तुमच्या कॅनमध्ये त्यांचे दोन कॅन वाढवा.