बायझंटाईन वजनावरचं अक्षर कसं वाचायचं?

प्रश्न: संग्रहालयातल्या एका चौकोनी पितळी वजनाचा फोटो बघतोय. जेमतेम बोटाच्या पेराएवढं. मध्ये क्रॉस, एका बाजूला ग्रीक गॅमा, दुसऱ्या बाजूला आल्फा. अक्षरांत भरलेली चांदी अर्धी उडालीय. गॅमा म्हणजे 3 ना? मग 3 काय?

तागडी: इथंच सगळे फसतात, मीही फसलो होतो. इथला गॅमा आकडा नव्हे, औंसाची खूण. आल्फा म्हणजे 1. एक औंस, साधारण 27 ग्रॅम. पण 'न्यू' या ग्रीक अक्षराशेजारी ('नोमिस्मा'चं पहिलं अक्षर) गॅमा दिसला तर मात्र तो खरंच 3: तीन नोमिस्मा, म्हणजे सोन्याची नाणी. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने एका रोमन पौंडात 72 नाणी बसवली, म्हणून एक नाणं साडेचार ग्रॅमच्या आसपास आणि औंसाला सहा.

प्रश्नकर्ता: अरेच्चा! पण नाणी मोजायची सोडून तोलायची कशाला?

तागडी: नाण्यांच्या कडा कातरून सोनं चोरणारे हात तेव्हाही होतेच की. म्हणून वजनंही खरी हवीत: बायझंटाईन सम्राट जस्टिनियनने 545 साली प्रमाण वजनं प्रत्येक शहराच्या मुख्य चर्चमध्ये ठेवायला सांगितली.

वाचनमात्र: काचेचीही वजनं असायची. घासून हलकी करायला गेलं की लगेच दिसतं. मला तीच जास्त आवडतात.

प्रश्नकर्ता: तागडीभाऊ, फोटो मोठा करून पाहिला. गॅमाच्या डोक्यावर बारीकसा ओमिक्रॉनही (ग्रीक 'ओ') आहे!

तागडी: गॅमा आणि ओमिक्रॉन ही जोडी म्हणजे औंसाचीच खूण. मग औंसच. शंकाच नको.