म्युनिकमधलं पहिलं घर: पुण्यातूनच पक्कं करावं का?

इसारकाठ: नोकरीसाठी म्युनिकला येणारे बरेच जण विमानात बसण्याआधीच घराचं डिपॉझिट पाठवून मोकळे होतात. माझा याला ठाम विरोध आहे. "मी सध्या परदेशात आहे, पैसे भरा, चावी कुरिअरने पाठवतो" ही फसवणुकीची नेहमीची रीत आहे. आधी महिना-दोन महिने फर्निश्ड खोली घ्या, मग घरं बघा.

दोन लेकरांची आई: एकट्या माणसाला हे जमतं. मुलं असली की कसं जमणार? इथे सरकारी प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते. दोन महिन्यांत घर बदललं, तर मुलाने शाळाही बदलायची का? आम्ही पुण्यातूनच ठरवलं. नवऱ्याच्या ऑफिसातला एक मराठी मुलगा घर बघून आला. त्याने व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर दाखवलं तर तिथे ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसती पाइपाची तोंडं बाहेर आलेली. इथे रिकामं घर बऱ्याचदा असंच मिळतं. मग जुन्या भाडेकरूकडूनच किचन विकत घेतलं आणि सही केली.

इसारकाठ: ताई, म्हणजे तुमच्या वतीने कुणीतरी घर पाहिलंच की! ज्यांचं इथे कुणीच नाही, त्यांचं काय?

सह्यकडा: तात्पुरत्या खोलीलाही माझा आक्षेप आहे. तिथे आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होणार का हे आधी लेखी घ्या. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. मूळ मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवणारे हे पत्र द्यायला टाळतात. नोंदणी नाही तर टॅक्स आयडी अडतो, आणि पगारातून जास्तीचा कर कापला जाऊ शकतो. आयडी टपालानेच येतो, तेव्हा पत्रपेटीवर आपलं नाव लावायला विसरू नका.

इसारकाठ: हे मान्य. पण डिपॉझिटचा कायदाही बघा. काल्टमीटच्या, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च सोडून उरणाऱ्या भाड्याच्या, तिपटीहून जास्त डिपॉझिट मागता येत नाही. तेही तीन समान मासिक हप्त्यांत देता येतं, आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना. मग पुण्यातून पैसे पाठवायचे कशाला?

दोन लेकरांची आई: कायदा तुमच्या बाजूने आहे, बाजार नाही. नवख्याकडे शुफाचा, म्हणजे आर्थिक पत दाखवणारा, दाखला नसतो, इथल्या पगाराच्या स्लिपा नसतात. एकाच घरासाठी इतके जण अर्ज घेऊन उभे असताना, हप्ते मागणाऱ्याला मालक घर कशाला देईल? घर बघायला खात्रीचा माणूस असेल, करारावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत असेल, तर मी आजही पुण्यातूनच पैसे भरेन.